फोटो कलात्मक यायला महागडा कॅमेरा लागतोच का?

अजिबात नाही. आधी उजेड कुठून येतोय ते बघायची सवय लावा. खिडकीकडे तोंड करून बसलेल्या माणसाचा चेहरा सपाट येतो. त्यालाच जरा वळवून बसवा, नाकाची सावली गालावर पडते आणि चेहऱ्याला खोली येते. मग चौकटीत काय नको ते ठरवा. डोक्यातून उगवलेला विजेचा खांब दोन पावलं सरकलात तरी गायब होतो! अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) एफ/२ ला, म्हणजे मोठं ठेवलं तर मागचं धूसर, एफ/११ ला, म्हणजे लहान ठेवलं तर बरंचसं स्पष्ट. हे तंत्र लवकर जमतं. तृतीयांशाच्या नियमाचं (चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन भाग करून मुख्य विषय त्या रेषांवर ठेवायचा) मात्र उगाच स्तोम माजलंय. मोबाइल असेल तर चेहऱ्यावर बोट टेकवून एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) किंचित उतरवा, उजळ भाग पांढरेफटक पडत नाहीत.