घरच्या मायक्रोवेव्हचा थोरला भाऊ

प्रश्न: आमच्या ओव्हनवर ८०० वॅट लिहिलंय, आणि कणांना प्रचंड वेग देणाऱ्या अ‍ॅक्सिलरेटरला म्हणे मेगावॅटमधे मायक्रोवेव्ह लागतात. एवढी पॉवर आणतात कुठून?

उत्तर: मस्त प्रश्न! कॅलिफोर्नियातल्या स्लॅक या प्रयोगशाळेचं बघा, तिथे ३ किलोमीटरच्या लिनॅकसाठी (म्हणजे सरळ रेषेतल्या अ‍ॅक्सिलरेटरसाठी) क्लायस्ट्रॉन नावाच्या ट्यूब बनवल्या, एकेक ट्यूब ६५ मेगावॅट देते, पण फक्त ३.५ मायक्रोसेकंद, सेकंदाला १२० वेळा, म्हणजे सरासरी काढली तर जेमतेम २७ किलोवॅट. आत काय होतं, तर ३५० किलोव्होल्टने सोडलेल्या इलेक्ट्रॉनांना पहिल्या पोकळीत (धातूच्या पोकळ डब्यात) छोटासा सिग्नल देतात, काही जरा जोरात पळतात काही मागे रेंगाळतात, मग मागचे पुढच्यांना गाठून घोळके होतात आणि शेवटच्या पोकळीतून जाताना आपली ऊर्जा मायक्रोवेव्ह म्हणून देऊन टाकतात.

मला खरं भारी वाटतं ते पुढचं. १९७० च्या दशकात तिथल्या लोकांनी स्लेड नावाची युक्ती काढली. पल्सचा (ट्यूब चालू असते त्या काही मायक्रोसेकंदांचा) बराचसा वेळ ऊर्जा दोन पोकळ्यांत साठवायची, टाकीत पाणी भरावं तशी, आणि शेवटच्या ०.८ मायक्रोसेकंदाला क्लायस्ट्रॉनची फेज एकदम उलटी करायची, म्हणजे लाटेत चढ तिथे उतार, की साठवलेलं आणि थेट येणारं एकत्र होऊन बाहेर पडतं. ट्यूब तीच, पॉवर कितीतरी पट!