बोंबलाचा काटाही चावून खाता येतो, मग तो मोरी-पाकटाच्या, म्हणजे शार्क आणि रे यांच्या, कूर्चेचा (कानाच्या पाळीतल्यासारखा लवचीक) सांगाडा असलेल्या गटातला का नाही?

नाही, कारण बोंबलाला हाडं आहेत. मऊ आहेत, पण हाडंच.

मी वसईकडच्या कोळीवाड्यातली. बोंबील चिरायचा, मधला काटा ओढायचा आणि पाट्याखाली दाबून पाणी काढायचं, हे काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे. झूलॉजीच्या शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलला ट्रेमध्ये फॉर्मालिनचा बोंबीलच आला. परीक्षकांनी गट विचारला. मी म्हटलं, ॲक्टिनोप्टेरिजी, म्हणजे किरणांसारखे पर असलेला. त्यांनी पोट उघडायला लावलं. "हवेची पिशवी दाखव," म्हणजे माशाला पाण्यात तरंगायला मदत करणारी पोटातली पिशवी. नव्हती. "मग हाडांचा मासा कसा?" मी छातीचा पर चिमट्याने पसरून खिडकीच्या उजेडात धरला. पातळ पडद्यात केसासारख्या काड्या, पंख्यासारख्या सुट्या सुट्या दिसत होत्या. त्या काड्यांवरूनच तर गटाला नाव पडलं! कल्ल्यावरचं झाकणही उचलून दाखवलं. बाजारात कल्ले लाल आहेत का बघायला आपण उचलतो ना, तेच. मोरीला झाकण नसतं, नुसत्या उघड्या फटी असतात. "कोळ्यांना मासे खायचे माहीत, अभ्यासायचे नाही," असं म्हणून त्यांनी मार्क कापले. ते वाक्य अजून सलतं.

घोळीची पिशवी, आमचं भोत, सोन्याच्या भावाने जातं, म्हणून ती प्रत्येक माशात हवीच असं कुठे आहे? बोंबलाच्या अख्ख्या कुळात ती नसते. या गटात ३०,००० हून जास्त जाती आहेत, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या जवळजवळ निम्म्या. समुद्रघोडा त्यात, वाम त्यात, आणि चपटा लेपही. लेपीच्या पिल्लाचे डोळे दोन बाजूंना असतात, मग एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला येतो. एवढा पसारा एका पिशवीने मोजायचा?

हो, नुसत्या हाडांवरूनही गट ठरत नाही. ज्याच्या अंड्यांचं कॅव्हिअर होतं त्या कॅस्पियन समुद्रातल्या स्टर्जनचा सांगाडा बहुतेक कूर्चेचा, तरी तो याच गटातला. आणि मोरीच्या परातही काड्या असतात, पण त्या शिंगासारख्या द्रव्याच्या, जाड कातडीखाली दडलेल्या.

परीक्षेसाठी विचारत असाल तर आधी पर आणि झाकण दाखवा. पिशवी मागितली तर "नाही, आणि ती लागतही नाही" असं स्पष्ट सांगा. मी तेव्हा गप्प बसले होते.