रोज 30 किमी सायकल चालवतो, फेब्रुवारीत 200 किमीची बीआरएम जमेल का?

जमेल. तुम्ही लिहिलंय की वय 38, रोज सकाळी 25-30 किमी, साधी गिअरची हायब्रिड सायकल, आजवरची सर्वात मोठी राईड 70 किमी, राहायला पुण्यात आणि हातात तीन महिने. एवढ्यावर 200 किमी नक्की होतात. त्यासाठी नवी कार्बनची सायकल लागत नाही. रोज 30 चालवणाऱ्याचे पाय बऱ्यापैकी तयार असतात. घोडं अडतं ते खाण्यात, बसण्यात आणि थांबण्यात. या तीन महिन्यांत मुख्यतः तेवढंच शिकायचंय.

आधी नियम नीट समजून घ्या, कारण सगळं गणित त्यावर आहे. बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत ठरलेलं लांबचं अंतर पूर्ण करायची सायकल राईड, ही शर्यत नाही. नंबर काढत नाहीत. फ्रान्समधला ऑडॅक्स क्लब पॅरिसियन जगभरातल्या या राईड्सना मान्यता देतो आणि आपल्याकडे ऑडॅक्स इंडियाच्या छत्राखाली गावोगावचे क्लब त्या भरवतात. 200 किमीला 13 तास 30 मिनिटं मिळतात, 300 ला 20 तास, 400 ला 27 आणि 600 ला 40. वाटेतल्या कंट्रोललाही, म्हणजे हजेरी नोंदवायच्या ठिकाणांनाही, वेळेची मर्यादा असते. साधारण ताशी 15 किमीच्या हिशेबाने 100 किमीवरचं कंट्रोल 6 तास 40 मिनिटांनी बंद होतं. मागे मदतीची गाडी चालत नाही. पंक्चर स्वतः काढायचं, पाणी स्वतः भरायचं.

आता कागद घ्या आणि भागाकार करा. चालत्या सायकलचा सरासरी वेग ताशी 20 धरला तर 200 किमीला 10 तास लागतात, म्हणजे थांबायला साडेतीन तास उरतात. वेग 18 असेल तर 11 तासांच्या थोडं वर जातं आणि हातात सव्वादोन-अडीच तास राहतात. आता वेग 20 वरून 22 वर नेलात तर फायदा किती? साधारण 55 मिनिटं. ते दोन किमी वाढवायला महिनोन्‌महिने घाम गाळावा लागतो, आणि तीच 55 मिनिटं एका ढाब्यावर सहज जातात. सहा जण सायकली लावतात, मिसळ सांगतात, मिसळ यायला पंधरा मिनिटं, मग चहा, मग फोटो, मग कुणाला तरी मोबाईल चार्ज करायचा असतो. म्हणून नव्या माणसाला मी वेग वाढवायला सांगतच नाही. एक मोठा थांबा अर्ध्या तासाचा, बाकीचे दहा-दहा मिनिटांचे, एवढी शिस्त सरावातच अंगी लावून घ्या. थांबताना आधी बाटल्या भरा, मग बाथरूम, मग खाणं. क्रम उलटा झाला की निघताना लक्षात येतं की बाटल्या रिकाम्याच आहेत.

सरावाचं सूत्र सोपं आहे. आठवड्याची रोजची राईड चालू ठेवा, त्यातला एक दिवस चढाचा करा. बोपदेव, दिवे किंवा जुना कात्रज घाट, जो घराजवळ असेल तो. रविवारी लांबचं. 80, मग 100, मधे एक रविवार हलका, मग 120, आणि शेवटी 150 एकदा. 150 झाल्यावर आणखी वाढवू नका. 150 किमी नीट खाऊन-पिऊन गेले असतील तर उरलेले 50 त्या दिवशी जातात, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. रविवारची राईड सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच जोराने करा. दम लागून वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला. शेवटचे आठ-दहा दिवस मात्र खरोखर विश्रांती, फक्त पाय मोकळे करण्यापुरती सायकल. ज्यांना बीपी किंवा शुगर आहे त्यांनी हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

बसण्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात आणि पहिल्या शंभरातच त्याची किंमत मोजतात. सीटची उंची तपासायची घरगुती रीत अशी: भिंतीला टेकून सायकलवर बसा, टाच पॅडलवर ठेवा आणि पॅडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा पॅडलवर ठेवलात की गुडघ्यात हलका बाक येतो, तो बरोबर. गुडघा पुढून दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, मागच्या बाजूने दुखत असेल तर वर. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहाताच्या कडेला असलेली नस दबते आहे. हँडलवर भार टाकू नका आणि दर काही मिनिटांनी पकड बदला. पॅडवाली चड्डी चांगली घ्या, तिच्या आत दुसरी अंतर्वस्त्रं घालायची नाहीत, आणि जांघेत व्हॅसलीन लावा. राईडच्या दिवशी नवी चड्डी, नवी सीट, नवे बूट यातलं काहीही नको.

खाण्याबद्दल मी जरा जास्त लिहितो, कारण राईड अर्धवट सोडून परतणाऱ्यांत पायांपेक्षा पोटाने दगा दिलेले लोक मी अधिक पाहिलेत. शरीरात साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींच्या आसपास असते. 200 किमीला वजन, चढ आणि वाऱ्याप्रमाणे चार ते पाच हजार कॅलरी जातात. चरबीतून काही मिळतात, पण सावकाश. मधली तूट खाऊन भरली नाही की दुपारी एकाएकी हातपाय गळतात, चिडचिड होते, साधा चढसुद्धा नको वाटतो. तोवर फार उशीर झालेला असतो, कारण तेव्हा खाल्लेलं अंगी लागायला वेळ जातो. म्हणून पहिल्या तासापासून खायचं, भूक नसताना खायचं. तासाला 50 ते 60 ग्रॅम कर्बोदकं हे लक्ष्य ठेवा. एक मध्यम केळं आणि एक मध्यम उकडलेला बटाटा मिळून तेवढे होतात.

हँडलजवळच्या पिशवीत मी काय भरतो ते सांगतो: मीठ-जिरं लावलेले छोटे उकडलेले बटाटे, बिया काढलेला खजूर, आणि घरीच बोटभर तुकडे करून ठेवलेली शेंगदाण्याची चिक्की. चिक्की अख्खी नेली तर चालत्या सायकलवर एका हाताने मोडत नाही, आणि थांबून खायची म्हटलं की माणूस टाळतो. घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावलेला असतो. वाजला की एक घास आणि दोन घोट. मोठ्या थांब्याला दहीभात किंवा इडली. तिखट तर्री, वडापाव, भरपेट थाळी हे राईड संपल्यावर.

पाणी ताशी अर्धा ते पाऊण लिटर, ऊन्हात थोडं अधिक. पण नुसतं साधं पाणी ढोसत राहू नका. घामातून मीठ जातं, वर पाणीच पाणी झालं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून अंगठी घट्ट होते. दोनपैकी एका बाटलीत डब्ल्यूएचओ सूत्राचं ओआरएस ठेवा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच. आणि अंग दुखतंय म्हणून चालू राईडमध्ये आयबुप्रोफेनसारखी गोळी घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडाला घातक ठरू शकते.

रस्त्याबद्दल विचारलंत. पहिल्या 200 साठी पुणे-भिगवण-पुणे हा सोलापूर रस्ता मला सर्वात योग्य वाटतो. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ. जवळजवळ सपाट, दर काही किलोमीटरवर पाणी आणि पंक्चरवाला. साताऱ्याच्या बाजूला गेलात तर खंबाटकी घाट लागतो. चढ फार लांब नाही, पण ट्रक रांगत असतात आणि त्यांच्या धुरात दम काढावा लागतो. तो दुसऱ्या वेळी करा, मागे 32 किंवा 34 दात्यांचं चक्र असेल तर बसून चढता येतो.

भिगवणच्या रस्त्यावर फेब्रुवारीत एका गोष्टीला खरंच जपा. उसाचा हंगाम चालू असतो. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, बाहेर लोंबणारे उसाचे शेंडे, अनेकदा मागे लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि गाणी इतकी मोठ्याने की तुमची घंटा चालकाला ऐकूच जात नाही. ओलांडताना दोन्ही ट्रॉल्या मोजून मगच डावीकडे या. कडेला सांडलेल्या उसावरून चाक घसरतं, तिथे ब्रेक दाबू नका, सायकल सरळ जाऊ द्या. सकाळी सहाला सुटलात तर मुदत संध्याकाळी साडेसातची, सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे शेवटचा तास अंधाराचा धरूनच चाला. पुढचा पांढरा दिवा, मागचा लाल आणि रिफ्लेक्टिव्ह जाकीट बॅगेच्या तळाशी नको, हाताशी हवं. निघतानाची थंडी बोचते. जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवा, ऊन आलं की काढून टाकता येते.

मनाने सर्वात जड जातो तो 130 ते 170 चा टप्पा, परतीचा कुरकुंभ ते उरुळी. अर्धं झाल्याचा आनंद संपलेला असतो, शेवट दिसत नसतो, ऊन समोरून येतं. तिथे 'अजून 70 किमी' असा हिशेब करू नका. पुढचं गाव कोणतं, एवढंच बघा: पाटस, मग चौफुला, मग यवत. सोडून द्यावंसं वाटलं तर आधी सावलीत बसून खा, अर्धी बाटली ओआरएस प्या आणि दहा मिनिटांनी ठरवा. मात्र उन्हात घाम यायचा थांबला, थंडी वाजू लागली किंवा बोलणं अडखळू लागलं तर तिथेच थांबा, सावली आणि मदत गाठा, राईड पुन्हा करता येते.

सोबत दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंप, पॅच आणि चेनसाठी एक छोटं टूल घ्या. घरी मागचं चाक काढून ट्यूब बदलायचा सराव दोन-तीनदा करा. रस्त्यावर पहिल्यांदा करायची ती गोष्ट नाही. ब्रेव्हे कार्ड, म्हणजे कंट्रोलवरच्या नोंदींचं कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, घामाने शाई पसरते. काही कंट्रोलना माणूस नसतो, तिथे दुकानाची पावती किंवा एटीएमची चिठ्ठी पुरावा म्हणून लागू शकते, म्हणून आयोजकांचा मेल आदल्या रात्री पुन्हा वाचा.

पोचल्यावर कार्डावर सही करून ते परत द्यायला विसरू नका. आणि शेवटच्या ठिकाणाहून घर लांब असेल तर घरच्या कुणाला तरी घ्यायला यायला आधीच सांगून ठेवा. 200 किमीनंतर पुण्याच्या संध्याकाळच्या रहदारीतून आणखी दहा-पंधरा किमी सायकल चालवत जायचं नाही.