दारू घरच्या घरी एकदम बंद करण्याआधी

तुमचा भाऊ सकाळी डोळे उघडल्यापासून पितो, पहिला घोट पोटात जाईपर्यंत त्याचे हात थरथरतात, दिवसाला सिगारेटचं एक पाकीट संपतं आणि गर्द (म्हणजे ब्राउन शुगर, अशुद्ध हेरॉइन) सोडून त्याला तीन महिने झालेत. आता तो म्हणतोय, रविवारपासून मला खोलीत कोंडा, कितीही मागितलं तरी काही देऊ नका. असं केलं तर शरीराला काय होईल, हा तुमचा प्रश्न. व्यसनमुक्तीच्या वॉर्डात परिचारिका म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. सिगारेट तो आजही सोडू शकतो. दारू मात्र डॉक्टरांना न दाखवता, घरी, एकदम बंद करू नका.

दारू तोडल्यामुळे माणूस दगावू शकतो, हे बहुतेक घरांत माहीतच नसतं. विष थांबलं की शरीर सुटलं, असं वाटतं. पण मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींना शांत ठेवतं आणि ग्लुटामेट त्यांना चेतवतं. दारू गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटचा दाबते. रोज दिवसभर हेच चाललं की मेंदू तोल सावरायला उलटी तयारी करतो: गाबाला कमी दाद देतो, ग्लुटामेटची यंत्रणा वाढवतो. बाहेरून कुणी दार रेटत असावं आणि आपण आतून तेवढ्याच ताकदीने ते धरून ठेवावं, तसं. बाहेरचा जोर अचानक गेला की आतला माणूस तोंडावर आपटतो.

शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 12 तासांत कंप, घाम, मळमळ, धडधड सुरू होते. फिट येते ती बहुधा पहिल्या 48 तासांत. आणि काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान डिलिरियम ट्रेमेन्स होतो: आपण कुठे आहोत याचं भान सुटतं, नसलेली माणसं आणि किडे दिसतात, ताप चढतो, रक्तदाब आणि नाडी भडकते. उपचार नसतील तर यात मृत्यू येऊ शकतो. नेमकं याच वेळी घरचे ‘दारूसाठी नाटक करतोय’ म्हणून बाहेरून कडी घालतात. मला सगळ्यात जास्त भीती त्या कडीची वाटते.

प्रत्येकाला एवढं होत नाही. पण सकाळची थरथर आणि ती दारूनेच थांबणं ही शरीर पूर्ण विसंबल्याची खूण आहे. पूर्वी कधी दारू तोडताना फिट आली असेल, तर धोका आणखी मोठा. रुग्णालयात बेन्झोडायझेपिन गटातली, मेंदू शांत करणारी औषधं देऊन ती काही दिवसांत मोजून-मापून कमी करत नेतात. सोबत थायमिन, म्हणजे ब1 जीवनसत्त्व, देतात. सतत पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी उरतं आणि त्याच्या अभावाने स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून अशक्तपणासाठी नुसती ग्लुकोजची बाटली लावून घरी आणणं पुरेसं नाही. डॉक्टरांपर्यंत पोचेपर्यंत त्याची दारू एकदम तोडू नका. हे लिहायला मला जड जातंय, पण खरं तेच आहे.

सिगारेटचं गणित वेगळं. धूर ओढल्यावर 10 ते 20 सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तातलं निम्मं होतं, म्हणून तलफ पुन्हा पुन्हा येते. सोडल्यावर चिडचिड, भूक, उडालेली झोप, हे सगळं होतं. पहिला आठवडा वाईट, मग दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. जिवाला धोका नाही. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांतच उतरतो. एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीन लवकर निपटत असतं. धूर थांबला की तेवढीच कॉफी शरीरात जास्त वेळ राहते आणि तिची अस्वस्थता तलफेच्या नावावर जाते. कॉफी निम्मी करा. दम्यासाठीचं थिओफायलिन किंवा गंभीर मानसिक आजारासाठीचं क्लोझापिन चालू असेल तर त्याचा डोसही डॉक्टरांना पाहावा लागतो. आणि ‘आता सोडून काय उपयोग’ असं तो म्हणाला, तर त्याला रिचर्ड डॉल यांचा ब्रिटिश डॉक्टरांवरचा अभ्यास सांगा. 2004 साली त्याचे पन्नास वर्षांचे निष्कर्ष आले: धूम्रपानाने आयुष्य सरासरी दहा वर्षांनी घटतं, पण चाळिसाव्या वर्षाच्या सुमारास सोडलं तर त्यातली सुमारे नऊ वर्षं वाचतात.

गर्दबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण मला राहवत नाही. तीन महिन्यांत त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरली आहे. पूर्वी जेवढ्याने त्याला फक्त गुंगी यायची, तेवढंच आज श्वास थांबवू शकतं, आणि वर दारू असेल तर शक्यता आणखी वाढते. सोडल्यानंतर पुन्हा एकदाच घेतलेला गर्द म्हणूनच इतके बळी घेतो. डोळ्यांच्या टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, घोरल्यासारखा संथ श्वास, निळे पडलेले ओठ आणि हलवूनही न उठणं दिसलं तर झोपलाय असं समजून त्याला तसाच सोडू नका. रुग्णवाहिका बोलवा आणि काय घेतलंय ते स्पष्ट सांगा, कारण नॅलोक्सोन हे उताऱ्याचं औषध वेळेत मिळालं तर श्वास परत येतो. श्वास चालू असेल तर तोवर कुशीवर ठेवा. श्वास थांबला असेल तर फोनवर सांगतील तसा कृत्रिम श्वास द्या.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: रोज किती आणि कोणती दारू, शेवटचा घोट कधी, पूर्वी फिट आली होती का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का. त्याही एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. आकडा लाजेने कमी करून सांगू नका, औषधाचा डोस त्यावरच ठरतो.