माझा आकडा नवऱ्याच्या दुप्पट. हृदय कमजोर आहे का?

दोघं मिळून रक्ततपासणी करतात, बायकोचा आकडा जास्त येतो आणि तिची झोप उडते. समुपदेशनात ही काळजी वारंवार ऐकू येते.

पंचेचाळिशीतल्या एका ताईंचा एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारं रक्तातलं प्रथिन) ८८ होता, पतींचा ४१ पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर. धाप लागत नव्हती, पायांना सूज नव्हती. तरी त्यांनी जिना चढणं सोडलं होतं. रात्री उठून नाडी मोजायच्या.

भीतीला धीर देऊन ती जात नाही. तिचा हिशोब मागावा लागतो. मी विचारलं, “दुप्पट म्हणजे कशाच्या?”

“ह्यांच्या.”

“ह्यांच्याशीच का ताडलात?”

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “समोर दुसरा रिपोर्टच नव्हता.”

गाठ इथे सुटली. आजार रिपोर्टमध्ये नव्हता, तुलनेत होता. आणि हे त्यांच्याच तोंडून आलं म्हणून टिकलं. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की हे प्रथिन रक्तात वाढतं. पण निरोगी स्त्रियांमध्येही, विशेषतः पाळी जाण्याआधी, ते पुरुषांपेक्षा जास्तच असतं. पुरुषांत टेस्टोस्टेरॉन ते कमी ठेवतं असं मानलं जातं. लक्षणं हळूहळू आलेल्या रुग्णातही १२५ च्या खाली हृदय निकामी होत असण्याची शक्यता कमी धरतात. वय, मूत्रपिंडाचा विकार, अनियमित ठोके यांनी आकडा चढतो. लठ्ठपणात उतरतो, म्हणून कमी आकड्यावरही डोळे मिटून विसंबू नये.

“मग बायकांचं सगळंच जास्त असतं?”

नाही. ट्रोपोनिनचं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचं, उलट आहे. एका प्रचलित अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-आय चाचणीत वरची मर्यादा स्त्रियांसाठी १६, पुरुषांसाठी ३४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. २० हा आकडा पतीचा असेल तर मर्यादेत, पत्नीचा असेल तर मर्यादेबाहेर. हार्ट अटॅकच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येतही अशा चाचण्यांसाठी स्त्री-पुरुषांच्या वेगळ्या मर्यादा सुचवल्या आहेत. बायका इथे घाबरत नाहीत, आणि मला खरी चिंता वाटते ती याचीच. अर्थात एका आकड्यावर निदान होत नाही. काही तासांत पुन्हा तपासून तो चढतो-उतरतो का, ते लक्षणं आणि ईसीजीसोबत पाहतात. ट्रोपोनिन-टी हा याचा दुसरा प्रकार, त्याच्या मर्यादा निराळ्या. दोन्ही एकमेकांशी ताडू नयेत.

एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा आकडा) १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आला तर आधी सर्दी-ताप, दातदुखी आठवा; बरं वाटल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा करा. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनीही तो वाढतो.

ताईंनी वहीत स्वतःचेच रकाने आखले: तारीख, चाचणीचं पूर्ण नाव, प्रयोगशाळा, स्त्रियांसाठीची मर्यादा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), चालू औषधं. ती वही त्यांनी डॉक्टरांना दाखवली आणि त्यांच्याशी बोलून जिना पुन्हा सुरू केला.

छातीत दडपण, अचानक धाप, थंड घाम यांपैकी काही जाणवलं तर मात्र वही उघडत बसू नका. थेट इमर्जन्सी विभाग गाठा, जुना रिपोर्ट कितीही चांगला असला तरी.