जॉर्जिया देशात कुणी मोठी स्त्री संगीतकार किंवा संगीत शिक्षिका होऊन गेली आहे का?

संगीतकार म्हणजे स्वतः रचना करणारी बाई हवी असेल तर मेरी दवितश्विली हे नाव घ्या, मुलांसाठी गाणी आणि ऑपेरा लिहिणाऱ्या म्हणून त्या तिकडे प्रसिद्ध आहेत. पण तुम्ही शिक्षिका पण म्हणालात म्हणून मी दुसरंच नाव सांगतो, अनास्तासिया विरसलाद्झे. (जॉर्जियन भाषेत 'द्झे' म्हणजे मुलगा आणि 'श्विली' म्हणजे लेकरू, म्हणून तिथली निम्मी आडनावं आपल्याला सारखीच वाटतात.)

जन्म 1883 चा. तेव्हा जॉर्जिया रशियन साम्राज्यात होता त्यामुळे पियानो नीट शिकायचा तर सेंट पीटर्सबर्ग गाठणं आलं, ही मुलगी तिथे गेली आणि आन्ना एसिपोवा नावाच्या फार नावाजलेल्या बाईंच्या वर्गात शिकून 1909 मध्ये बाहेर पडली. त्याच सुमारास त्या वर्गात प्रोकोफिएव्ह आला, तोच तो मोठा संगीतकार, आणि त्याचं एसिपोवाबाईंशी अजिबात पटायचं नाही. त्यांना मोत्झार्ट, शोपाँ जसं कागदावर आहे तसंच हवं असायचं आणि याला आपलं डोकं चालवायचं असायचं. अनास्तासिया मात्र हे सगळं शिस्तीत शिकून घरी परतली. 1917 ला राजधानी तिबिलिसीत कॉन्झर्व्हेटरी म्हणजे संगीत महाविद्यालय सुरू झालं, 1921 ला रशियाची रेड आर्मी आली, देशाला मधे मिळालेलं स्वातंत्र्य गेलं, आणि बाई पियानो शिकवत राहिल्या. 1968 मध्ये गेल्या.

आता यात एवढं काय, असं वाटेल. मी चाळिशीत पियानो क्लास लावला होता (दोन वर्षांत सोडला, तो विषय नको), पहिल्याच आठवड्यात सरांनी चेर्नीचे व्यायाम हातात दिले. ज्यांनी पियानो शिकलाय त्यांना माहितीये, चेर्नी म्हणजे डोकं उठवणारा माणूस, तेच तेच वर खाली वर खाली. तर हा चेर्नी बेथोवनचा विद्यार्थी. चेर्नीकडे लेशेतित्स्की शिकला, लेशेतित्स्कीकडे एसिपोवा (आणि मग त्याच्याशी लग्नही केलं, पुढे मोडलं), एसिपोवाकडे आमच्या या बाई. म्हणजे बेथोवनपासून मोजलं तर पाचव्या. आपल्याकडे गायकाची ओळख करून देताना गुरूची, गुरूच्या गुरूची नावं कान पकडून घेतात ना, तसंच आहे हे, फक्त ते लोक कान पकडत नाहीत.

आणि हे घराणं तिबिलिसीत येऊन थांबलं नाही. लेव व्लासेंको आणि दिमित्री बश्किरोव, दोघंही तिबिलिसीत जन्मलेले, दोघंही बाईंकडे शिकून मग मॉस्कोला गेलेले. 1958 ला मॉस्कोत पहिली चायकोव्स्की स्पर्धा झाली (पियानिस्टांची फार मानाची स्पर्धा) ज्यात वॅन क्लायबर्न हा अमेरिकन पोरगा पहिला आला आणि जगभर बोंबाबोंब झाली, त्यात दुसरं बक्षीस विभागून मिळालं ते या व्लासेंकोला. बश्किरोव नंतर माद्रिदला जाऊन शिकवायला लागला, त्याची मुलगी एलेना पियानिस्ट आणि जावई डॅनियल बॅरेनबोईम, तो जगप्रसिद्ध पियानिस्ट आणि कंडक्टर. म्हणजे तिबिलिसीतल्या एका बाईंच्या शिकवणीचा धागा कुठून कुठे गेला बघा.

पण खरी वारसदार घरातलीच, नात एलिसो. जन्म 1942, लहानपणापासून आजीकडेच शिकली. 1962 च्या चायकोव्स्की स्पर्धेत तिसरी आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि आजी ऐंशीला टेकलेली. त्या वर्षी पहिलं बक्षीस अश्केनाझी आणि ऑग्डन या पुढे जगभर गाजलेल्या पियानिस्टांना विभागून होतं, म्हणजे पुढे कोण होतं ते लक्षात घ्या. मग 1966 ला जर्मन संगीतकार शूमानच्या गावी, त्स्विकाउला, शूमान स्पर्धा जिंकली. ते आजीच्या हयातीत झालं याचं मला उगाचच बरं वाटतं. पुढे तिनं स्वतः मॉस्कोत आणि म्युनिकमध्ये शिकवलं, बोरिस बेरेझोव्स्की तिचाच विद्यार्थी, 1990 ला तीच चायकोव्स्की स्पर्धा त्यानं जिंकली. आजीच्या नातीचा शिष्य!

ऐकायचं असेल तर एलिसोनं वाजवलेलं शूमानचं 'देस आबेंट्स' ऐका, अर्थ 'संध्याकाळी', साडेतीन-चार मिनिटांचं आहे. लिहिलंय दोन मात्रांत पण वरची सुरावट कानाला तीनात लागते, बोटानं ताल धरायला गेलात की चुकता, मी दर वेळी चुकतो. बऱ्याच जणांच्या हातात ते गुळगुळीत होऊन जातं, झोप येते. ही बाई तो दोन-तीनचा घोळ स्वच्छ ऐकू देते आणि तरी वर गाणं शांत चालू असतं. व्हिडिओ मिळाला तर चेहरा बघा, मान वेळावणं नाही, डोळे मिटणं नाही, पाठ ताठ, भाजी निवडत बसावं तशी बसलेली असते.

चेर्नीचं पुस्तक माझ्याकडे अजून आहे, पहिली बारा पानंच वापरलीत, कुणाला हवं असेल तर सांगा.