विदर्भातल्या खेड्यात घरामागची वाडी हिवाळ्यासाठी कशी तयार करायची?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन पुसदजवळच्या गावात आलात, घरामागे गुंठाभर काळी जमीन आहे, आणि व्हिडिओत दाखवतात तशी थंडीआधी झाडं झाकायची का, कुंड्या घरात घ्यायच्या का?

झाकाझाकीचं मागून बघू. मी आर्वी तालुक्यातली. आमच्याकडे वाडीत खरी भाजी हिवाळ्यातच निघते. उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचून मुळं सडतात, मधले तीन-चार महिने काय ते आपले. त्यामुळे सगळी मदार ऑक्टोबरवर, आणि त्यातही वाफशावर.

पाऊस उघडला की ही माती आधी चिखल असते आणि मग दगड होते. या दोन्हींच्या मधे मोजके दिवस मिळतात, तोच वाफसा. मूठभर माती घेऊन लाडू वळा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. लाडू फुटून भुगा झाला तर कुदळ घ्या. हाताला चिकटली तर दोन दिवस थांबा. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी सासूबाईंचं न ऐकता ओल्यातच खोदलं. आठवड्याभरात ऑक्टोबरच्या उन्हानं अशी ढेकळं भाजली की पाटा घेऊन फोडावी की काय असं झालं. मेथी उगवली ती ढेकळांच्या फटीफटीतून, टकलावरच्या केसांसारखी.

खोदतानाच शेणखत मिसळा, पण पुरतं कुजलेलं. हातात घेतल्यावर शेणाचा वास यायला नको. कच्चं टाकलं तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी फुकटात मिळते.

पालक, मेथी, सांबार (तुमच्याकडे कोथिंबीर म्हणत असाल) यांना सपाट वाफे चालतात. वांगी, टमाटर, कोबी मात्र वरंब्यावरच (दोन सऱ्यांमधल्या मातीच्या उंचवट्यावर) लावा, कारण सरीतलं पाणी बुंध्याशी थांबलेलं त्यांना सोसत नाही. कोबी-टमाटरची रोपं घरी करायची तर महिना हाताशी धरा, किंवा सरळ बाजारातून आणा, त्यात काही कमीपणा नाही.

सांबार उगवत नाही ही तक्रार इथे प्रत्येकाची असते. अख्खे धणे फेकले तर तसंच होणार. धणे पोत्यावर पसरून चपलेनं हलकेच रगडायचे, प्रत्येक दाण्याच्या दोन डाळी झाल्या पाहिजेत. रात्रभर भिजवून सकाळी पेरायचे. तरी आठ-दहा दिवस लागतात, वाफा उकरून बघू नका. मेथी चौथ्या-पाचव्या दिवशी दिसते, म्हणून ती सगळी एकदम न टाकता दर दहा दिवसांनी एकेक वाफा टाका. नाहीतर दिवाळीनंतर आठवडाभर नुसती मेथी खावी लागते. लसणाच्या पाकळ्या टोक वर करून चार-चार बोटांवर खोचा. नंतर निंदण (तण) काढलं आणि वेळेवर पाणी दिलं की झालं.

वाफ्यांवर सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पातळसं पसरलं तर ओल टिकते आणि जमीन भेगाळत नाही. वालाच्या मांडवाला तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) घ्या, पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) नको. पऱ्हाटीच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपून बसते आणि पुढच्या साली शेजाऱ्याच्या कपाशीवर जाते.

आता थंडी. ती खरी लागते डिसेंबरअखेर ते जानेवारी. 29 डिसेंबर 2018 ला नागपुरात पारा 3.5 अंशांवर आला होता, पण अशा रात्री थोड्याच. त्या दिवसांत संध्याकाळी हलकं पाणी द्या, ओली माती रात्री कोरडीइतकी लवकर गार पडत नाही. कोवळ्या रोपांवर चार काड्या रोवून जुनं सुती लुगडं टाका आणि ऊन आलं की काढा. कुंड्या राहू द्या बाहेरच. मोगरा आणि कढीपत्ता पिवळे पडले तर घाबरून पाणी वाढवू नका, थंडीत त्यांची वाढच थांबते.

ढगाळ हवेत कोबीवर मावा (रस शोषणारे बारीक किडे) येतो. लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवा, गाळून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फवारा. उरलेलं ठेवू नका.

आणि वाडीत संत्र्याचं झाड असेल तर त्याखाली भाजी लावू नका. आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी) डिसेंबरात त्याचं पाणी तोडून ताण द्यावा लागतो. मी जागा वाया जाते म्हणून बुंध्याभोवती पालक केला होता. पालक झकास आला, झाडही हिरवंगार, फुलाचा मात्र पत्ता नाही. तेव्हापासून पालक विहिरीच्या काठाला.